मास्तरांनी पाय वर घेतले

१

सकाळचे नऊ वाजले की मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि खरं सांगायचं तर त्यांना ती हवीहवीशी वाटायची. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पंधरा दिवस धूळ नको, ऊन नको आणि गाडीत तर पाऊलसुद्धा नको, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून मास्तर सकाळी आंघोळ उरकून, काळा चष्मा चढवून, काचा लावलेल्या गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसत. घर दुसऱ्या मजल्यावर, अगदी चौकाच्या कोपऱ्यावर. खाली चारी रस्ते तळहातासारखे दिसायचे.

"हा बघ! इंडिकेटर डावीकडचा आणि स्वारी वळली उजवीकडे!"

"बघतेय," बाई आतून म्हणायच्या. बाई म्हणजे मास्तरांची बायको. तिथून त्यांना फक्त फोडणी दिसत असायची.

"आणि हे महाशय पट्ट्यांवर गाडी लावून उभे! चालणाऱ्यांनी काय उडत जायचं? आणि सिग्नल लाल असताना मागचा हॉर्न वाजवतोय. कुणासाठी रे? दिव्यासाठी?"

"अहो, ऑपरेशन डोळ्याचं झालंय. तोंडाचंही सोबत उरकून घ्यायला हवं होतं."

मास्तरांनी तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली होती. शिकवण्याच्या गाडीत डावीकडे, मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. दोन्हीकडचे ब्रेक खालून एका दांड्याने जोडलेले. इकडून दाबला की तिकडचा खाली जातो, तिकडून दाबला की इकडचा. जाताना दांडा ‘टक’ असा वाजतो. ॲक्सिलरेटर मात्र मास्तरांकडे नसतो. मास्तर गाडी थांबवू शकतात, पळवू शकत नाहीत.

तीस वर्षांत तो ब्रेक मास्तरांच्या पायात भिनला होता. बसमध्ये, रिक्षात, कुणाच्या शेजारी बसून लग्नाला जाताना, समोर कुणी आडवा आला की यांचा उजवा पाय खाली जायचाच. आता गॅलरीतही तेच चाललं होतं. खाली कुणी चुकलं की वर फरशीवर चपलेचा फटकारा.

"पाय आपटू नका, खालची माणसं वर येतील," बाई म्हणायच्या.

त्यांची शिकवण्याची रीतही ठरलेली होती. पहिला दिवस नुसता ब्रेकचा. दुसरा क्लचचा. तिसऱ्या दिवशी मास्तर आपले दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घालायचे, की शिकणाऱ्याने समजावं, आता गाडी तुझी, ॲक्सिलरेटरही तुझा, माझा पाय मधे येणार नाही. त्या दिवशी फक्त आवाज, तोही हळू. आणि चौथ्या दिवशी ते गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहायचे. शिकणारा आतून एकदा त्यांच्याकडे बघायचा. मास्तरांची मान हलली की निघायचं, एकट्याने.

हजारो लोकांसाठी त्यांनी असे पाय वर घेतले होते. एका मुलीसाठी तेवढे घेतले नाहीत, आणि ती त्यांची स्वतःची. तिला शिकवताना त्यांचा पाय ब्रेकवरून हलेचना. विसाव्या दिवशी तिने भर रस्त्यात गाडी बंद केली. "बाबा, गाडी तुम्हीच चालवताय. मी नुसती चाक धरून बसलेय." मग ती दुसरीकडे शिकली, उत्तम शिकली. आता ती एका लॅबमध्ये कामाला होती आणि रोज नऊ वाजून दहा मिनिटांनी आपल्या लाल गाडीतून याच चौकातून जायची. सिग्नलला थांबली की वर बघून दोनदा दिवे लावायची. ते दोन दिवे दिसले की मास्तरांचा जीव भांड्यात पडायचा.

२

सोमवारी एक उंच पांढरी गाडी लाल दिव्याला न जुमानता आली. चालवणाऱ्याच्या कानाला फोन. पट्ट्यांवर काठी टेकत एक आजोबा अर्ध्यावर आलेले.

मास्तरांचा पाय नेहमीसारखा खाली गेला. पण फरशी लागली नाही. चपलेखाली काहीतरी गार, खाचा असलेलं, ओळखीचं आलं, दोन बोटं खाली दबलं, आणि ‘टक’ असा आवाज झाला.

खाली पांढरी गाडी नाक टेकवून जागच्या जागी थांबली. आजोबा पलीकडे गेले. फोनवाला फोन विसरून आपल्या पायांकडे बघत राहिला.

मास्तरांनीही आपल्या पायाकडे पाहिलं. चप्पल होती, फरशी होती, फरशीवर सकाळी सांडलेल्या चहाचा डाग होता.

योगायोग, त्यांनी स्वतःला सांगितलं. त्याला आजोबा दिसले, त्याने ब्रेक मारला. यात नवल काय?

तेवढ्यात एक टॅक्सी उलट्या बाजूने घुसली. मास्तरांनी मुद्दाम, सावकाश पाय दाबला. टक. टॅक्सीही तितकीच सावकाश थांबली, एखाद्या शहाण्या गाडीसारखी.

मग काय विचारता! मास्तर खुर्चीच्या काठावर आले. रांग मोडून पुढे घुसणारी कर्कश हॉर्नची निळी गाडी, टक. रुग्णवाहिकेच्या मागे चिकटून फुकटात वाट काढणारा, टक. पाणी उडवत जाणारा, टक. तीस वर्षं एका गाडीचा ब्रेक हाताशी होता, आज अख्ख्या चौकाचा होता! तोंडावरचं हसू काही केल्या मावळत नव्हतं. नऊ वाजून दहा मिनिटांनी मुलीची लाल गाडी आली, रेषेच्या मागे थांबली, दोनदा दिवे लागले. मास्तरांनी तिच्यासाठी उरलेले तिन्ही रस्ते रोखून धरले. एखाद्या राणीसारखी ती गेली.

"आज भलतेच खुशीत?" चहा घेऊन आलेल्या बाईंनी विचारलं.

"लोक सुधारतायत गं."

"डॉक्टरीणबाईंना फोन करू का?" असं म्हणत बाई शेजारच्या, उजवीकडच्या खुर्चीत टेकल्या आणि लगेच उठल्या. हाताने त्यांनी वेत चाचपला. "ही गरम कशी? तुम्ही बसला होतात?"

"ऊन आलं असेल."

बाईंनी काचेकडे पाहिलं. गॅलरी पश्चिमेची होती. ऊन यायला दुपार व्हावी लागायची. पण आत कुकरची शिट्टी झाली आणि त्या गेल्या.

३

मंगळवारी मास्तर पावणेनऊलाच येऊन बसले. रात्रभर त्यांनी स्वतःशी वाद घातला होता. डोळ्यांत घालायच्या औषधाने असे भास होत असतील. होत असतीलही, पण औषध घातलं यांच्या डोळ्यांत आणि थांबला टॅक्सीवाला, हे कसं? याला उत्तर सापडलं नाही, आणि खरं म्हणजे त्यांना ते नकोच होतं.

आज डाव्या पायाखालीही काहीतरी आलं. क्लच. ब्रेकपेक्षा मऊ, लांब दबणारा. सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच इंजिनं गुरगुरवत पुढे सरकणाऱ्या गाड्या आता नुसत्याच गुरगुरत, जागच्या हलत नसत. मास्तर एकटेच खो खो हसले.

हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की ब्रेक त्यांच्या आधी खाली जातोय.

अगदी थोडा आधी. पाय उचलावा, आणि चप्पल टेकायच्या आत पॅडल खाली निघालेलं असावं. गर्दीच्या बसमध्ये आपण टेकायला जावं आणि त्या जागेवर आधीच कुणीतरी बसायला लागलेलं असावं, तसं. पहिल्यांदा ते झटक्याने गेलं. खाली गाडीला असा हिसका बसला की मागची तिच्यावर आदळता आदळता वाचली. दुसऱ्यांदा थोडं बरं गेलं. पाचव्या वेळेला अगदी अलगद, टोकाला किंचित सोडून, गाडीतल्या माणसाची मान हलू नये असं. ही मास्तरांची खास शिकवण होती.

"शाब्बास!" मास्तर म्हणाले.

तोंडातून गेलेला शब्द गॅलरीत काचांना लागून थोडा वेळ राहिला. दोन्हीकडचे ब्रेक जोडलेले असतात, इकडून दाबला की तिकडचा जातो, तिकडून दाबला की इकडचा, हे त्यांनी हजारो जणांना सांगितलं होतं. आपण डावीकडे बसलोय, हेही त्यांना आत्ताच जाणवलं.

उजवीकडच्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलं नाही. शिकणारा धीट होईपर्यंत त्याच्याकडे टक लावून बघायचं नसतं, हीही त्यांचीच शिस्त. निदान त्यांनी स्वतःला कारण तेच दिलं.

४

"माझी खुर्ची आत नेऊ का? गुडघे शेकत बसते," बाई दाराशी येऊन म्हणाल्या आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवू लागल्या.

"हात लावू नकोस!"

आवाज इतका मोठा निघाला की बाई मागे सरकल्या. चाळीस वर्षांच्या संसारात मास्तर वाहनांवर ओरडले होते, वाहतुकीवर ओरडले होते, बायकोवर कधी नाही.

"माझ्याच खुर्चीला?"

"तसं नव्हे गं. राहू दे आज. मी... मला सवय झालीय ती तिथे असण्याची."

बाई खुर्चीच्या बैठकीकडे बराच वेळ बघत होत्या. वेत मध्यभागी खाली गेलेला होता. माणूस उठून गेला की जुना वेत हळूहळू कुरकुरत वर येतो. हा येत नव्हता.

"उद्या सकाळी मी बाजारात जाईन," त्या शेवटी म्हणाल्या. "लेकीला सांगते, कामावर जाताना वर येऊन तुम्हाला बघून जा म्हणून."

"तिला कशाला त्रास?"

"त्रास तिला नाही. मला होतोय."

५

बुधवारी घरात कुणी नव्हतं. फ्रिजची घरघर, नळाचं थेंब थेंब आणि काचेपलीकडून हॉर्न. मास्तरांनी ठरवलं की आज सोक्षमोक्ष लावायचा. इतकं सोपं होतं! आपला पाय मधे आहे तोवर कळणार नाही, की दाबतंय कोण. तर पायच काढून घ्यायचा. काही झालं नाही, तर सगळे आपल्याच डोक्याचे खेळ, मग निवांत पेपर वाचत बसायचं.

त्यांनी चपला काढल्या, दोन्ही पाय उचलले आणि खुर्चीत छान मांडी घातली.

खाली एक हिरवी गाडी लाल दिवा तोडायला निघाली.

टक.

थांबली. मास्तरांचे दोन्ही पाय त्यांच्या डोळ्यांसमोर मांडीत होते. दहाही बोटं दिसत होती.

पुन्हा टक. मग पलीकडच्या रस्त्यावर, टक. किती सफाईने! मास्तरांच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि त्या काट्याखाली, लपवून काय उपयोग, अभिमानही होता. दोन दिवसांत असा हात बसलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. पहिला दिवस ब्रेक. दुसरा दिवस क्लच. आणि आज...

मास्तरांनी आपल्या मांडीकडे पाहिलं.

तीस वर्षांत त्यांनी असे पाय वर घेतले होते ते एकाच कारणासाठी.

त्यांनी घाईघाईने पाय खाली सोडले. फरशी. गार, सपाट, चहाच्या डागाची फरशी. त्यांनी टाच रगडली, पंजा रगडला. तिथे काही नव्हतं. शेजारी मात्र वेत कुरकुरला, लांबट, सावकाश, माणूस बैठकीत पुढे सरकून बसतो तेव्हा कुरकुरतो तसा. नवशिके तिसऱ्या दिवशी हमखास असेच पुढे सरकतात.

खाली रेषेच्या मागे गुणी मुलासारखी उभी असलेली एक गाडी अचानक डरकाळली, हातभर पुढे उडी मारून बंद पडली. जरा वेळाने दुसरी. दोन हात पुढे. तिसरी चार हात.

घड्याळात नऊ वाजून नऊ मिनिटं झाली होती.

६

लाल गाडी आली. रेषेच्या मागे थांबली. दोनदा दिवे लागले.

"हिला नाही," मास्तर म्हणाले. "बाकी कुणालाही घे. ही माझी मुलगी आहे."

वेत कुरकुरला.

लाल गाडीचं इंजिन चढू लागलं. काचेतूनही ऐकू येत होतं, आधी गुणगुणल्यासारखं, मग घसा ताणल्यासारखं. दिवा लाल होता. डावीकडून खडीचा ट्रक येत होता, त्याच्यासाठी हिरवा होता आणि त्याला वेग कमी करायचं काही कारण नव्हतं. मास्तरांनी पाय मारला. फरशी. पुन्हा मारला. फरशीच.

लाल गाडी सुटली.

ओरडावंसं वाटलं. पण तिसऱ्या दिवशी ओरडलं की नवशिका दचकतो आणि दचकला की पाय आणखी दाबतो, हे मास्तरांच्या हाडांत होतं. त्यांनी समोर बघत, अगदी हलक्या, समजूतदार आवाजात सांगितलं, "छान. घाबरायचं नाही. उजवा पाय उचल. उचललास? आता ब्रेक. अलगद. मी आहे शेजारी."

टक.

लाल गाडी चौकाच्या मधोमध तिरकी थांबली. ट्रक तिच्या नाकासमोरून वीतभर अंतरावरून गेला, भोंगा वाजवत, लांबपर्यंत.

गॅलरीत काही हललं नाही. पण शेजारी कुणीतरी वाट बघत होतं. धडा नीट जमला की शिकणारा कसली वाट बघतो, ते मास्तरांना ठाऊक होतं.

"शाब्बास," ते कसेबसे म्हणाले.

खाली लाल गाडीचं दार उघडत नव्हतं. मास्तर उठले. काळा चष्मा खुर्चीतच पडला. अनवाणी पायांनी ते दोन मजले उतरले, दोन दोन पायऱ्या एकदम.

७

चौकात चारी बाजूंनी हॉर्नचा नुसता कल्लोळ. एक बाईमाणूस मधोमध अडकलंय, काय झालं, लागलं का, विचारायला एकही दार उघडलं नव्हतं. जो तो हॉर्नवर हात ठेवून बसला होता. मास्तर त्या सगळ्यांना वाट्टेल ते बोलत, हात वर करून, मधून धावत गेले.

मुलगी चाक घट्ट धरून बसली होती. चेहरा पांढराफटक, पण धड होती, ओरखडासुद्धा नव्हता. मास्तरांनी खिडकीतून हात घालून तिचं डोकं छातीशी धरलं.

"बाबा, रेस आपोआप गेली. खरंच. मी दोन्ही पाय वर घेतले होते."

"माहीत आहे गं. माहीत आहे."

"आणि मग तुमचा आवाज आला. अगदी शेजारून. उजवा पाय उचल, म्हणालात." तिचे डोळे भरून आले, आणि ती चक्क हसली. "किती छान सांगितलंत, बाबा! मला शिकवताना असं कधीच बोलला नाहीत."

मास्तरांनी दार उघडून, वाकून हाताने ॲक्सिलरेटर दाबून पाहिला. दबत होता, सुटत होता. वर नजर टाकली. गॅलरीच्या काचेत नुसतं आभाळ दिसत होतं.

"उतर. गाडी मी लावतो."

"ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी? बाबा, लोक खवळलेत. वीस पावलं पुढे, त्या कडेला घेते आणि लगेच बंद करते." तिने इंजिन चालू केलं. नीट, शांतपणे चालू झालं. तिने आरसा पाहिला, मागे पाहिलं, सगळं यथासांग. मग बापाकडे पाहिलं. "घेऊ ना? का आजही नाही?"

मागे सरकत सरकत मास्तर फुटपाथपर्यंत आले होते. मुलगी मान तिरकी करून बघत होती. अशी ती शिकताना बघायची, रोज, आणि रोज यांचा पाय ब्रेकवरच असायचा. आज मास्तरांचं मन इतकं भरून आलं की त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. त्यांनी मान हलवली. हो. घे.

मुलीचा चेहरा उजळला.

आणि चौकातले सगळे हॉर्न एकदम थांबले.

मास्तरांनी पायाखाली पाहिलं. ते रस्त्याच्या कडेला उभे होते. गाडीतून उतरून, रस्त्याच्या कडेला.

त्यांनी वर पाहिलं. आता काचेत आभाळ नव्हतं. डावीकडची खुर्ची रिकामी होती. उजवीकडच्या खुर्चीत जे काही होतं ते पाठीला टेकलेलं नव्हतं. ते पुढे झुकलेलं होतं, त्याचे दोन हात छातीसमोर काहीतरी गोल धरल्यासारखे वर होते, आणि त्याने मान वळवली होती. खाली, मास्तरांकडे. नवशिके निघण्याआधी एकदा बघतात, तसं. मान हललेली त्यालाही दिसली होती.

चारी रस्त्यांवर एकाच वेळी ‘टक’ असा आवाज झाला. क्लच सुटले. मग इंजिनं चढू लागली, सगळी, एकदम, आणि गाड्यांमधली माणसं आपापल्या पायांकडे बघायला लागली.

"उजवा पाय उचल!" मास्तर ओरडले. "ऐक माझं, उचल!"

पण हा चौथ्या दिवसाचा धडा होता; तेव्हा मास्तर गाडीत नसतात, कडेचा आवाज आत ऐकू जात नाही. मुलीने खिडकीतून त्यांच्याकडे पाहून हात हलवला आणि लाल गाडी पहिलं पाऊल पुढे सरकली. मास्तरांनी भर रस्त्यात आपला अनवाणी उजवा पाय उचलला आणि जीव खाऊन खाली दाबला, पुन्हा दाबला. पायाखाली डांबर होतं.